‘टीटोटल’ व ‘निर्व्यसनी’ : दोन शब्दांचा अभ्यास



शब्द हे नाण्यासारखे असतात. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना नाणे झिजते आणि त्यावरील छाप पुसट होते. तरी बाजारात ते चालतच राहते. मग एके दिवशी कोणी ते दगडावर आपटून पाहतो, तेव्हा ते खरे की खोटे हे कळते. आमच्या हातून असेच एक नाणे बाजारात गेले होते. त्याची हकीकत प्रथम सांगतो, म्हणजे हा पाठ आम्ही का लिहावयास घेतला हे ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्या मुलीस आमच्या मंडळीतील एका तरुणाचे मागणे आले होते. “पाळकसाहेब, मुलाविषयी दोन ओळी लिहून द्या,” एवढेच त्यांचे म्हणणे होते. आम्ही त्या तरुणास बोलावून विचारले, “काय रे, दारू पितोस काय?” तो म्हणाला, “नाही साहेब, दारूला शिवत नाही.” आम्ही पत्रात लिहिले : ‘मुलगा कष्टाळू, उपासनेस येणारा व निर्व्यसनी आहे.’ लग्न झाले. आठ महिन्यांनी ती मुलगी कपाळावर जखम घेऊन माहेरी परतली. तरुण खोटे बोलला नव्हता. दुकानातील बाटलीस तो शिवत नसे. पण दर बाजाराच्या दिवशी शिंदी पीत असे आणि घरी येईपर्यंत त्याचे भान जात असे. त्याच्या लेखी शिंदी ही दारू नव्हती. ते वृद्ध गृहस्थ पुन्हा आमच्या दारी आले. रागावले नाहीत. आमचे पत्र त्यांनी आमच्यापुढे ठेवले, एका शब्दावर बोट ठेवले व विचारले, “साहेब, ह्याचा अर्थ काय?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधताना जे हाती लागले ते आमच्या सुवार्तिक बंधूंपुढे ठेवीत आहोत.

शब्दाचा जन्म

इंग्रजीत मद्य मुळीच न पिणाऱ्यास ‘टीटोटलर’ म्हणतात. हा शब्द आपल्या शहरांतील शिकलेल्या लोकांच्या तोंडी आहे. पुष्कळांना वाटते की, दारूऐवजी चहा पिणारा तो टीटोटलर. कारण इंग्रजीत चहास ‘टी’ म्हणतात. हा समज चुकीचा आहे. ह्या शब्दाचा चहाशी काही संबंध नाही. तो जेथे प्रचारात आला त्या गावाची कथा आपल्या गावांच्या कथेसारखीच आहे.

इंग्लंडच्या लँकशायर परगण्यात प्रेस्टन नावाचे कापडगिरण्यांचे गाव होते. १८३० साली इंग्लंडच्या सरकारने बिअरविषयी एक कायदा केला. गरीब लोक जिन नावाची कडक दारू पिऊन नष्ट होत आहेत, त्यांस सौम्य बिअर सहज मिळाली तर ते जिन सोडतील, असा त्यातील एक हेतू होता. दोन गिनी भरणाऱ्या घरमालकास बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला. परिणाम उलटा झाला. गल्लोगल्ली बिअरची घरे उघडली आणि ज्यांचा पगार पूर्वी जिनमध्ये जाई, त्यांचा बिअरमध्ये जाऊ लागला.

त्या काळी मद्याविरुद्ध मंडळ्या होत्या. पण त्यांची प्रतिज्ञा केवळ कडक दारूपुरती असे. बिअर व द्राक्षारस बेताने घेण्यास मुभा होती. प्रेस्टन येथे जोसेफ लिव्हसी नावाचा चीज विकणारा व्यापारी राहत असे. लहानपणी तो पोरका झाला होता व हातमागावर बसून त्याने वाचन केले होते. त्याने पाहिले की, कडक दारू सोडण्याची शपथ घेतलेली माणसे बिअर पिऊन गटारात पडतात. तेव्हा १ सप्टेंबर १८३२ रोजी लिव्हसीसह सात जणांनी प्रतिज्ञा केली की, मादक असे कोणतेही पेय घ्यावयाचे नाही. जिन नाही, बिअर नाही, द्राक्षारसही नाही. इतिहासात त्यांस ‘प्रेस्टनचे सात जण’ म्हणतात.

पुढल्या वर्षी, म्हणजे १८३३ च्या सप्टेंबरात, प्रेस्टन येथील एका सभेत रिचर्ड टर्नर नावाचा एक साधा मजूर बोलावयास उभा राहिला. तो पूर्वी मद्यपी होता व आता सुधारला होता. अर्धवट सोडण्यात अर्थ नाही, सोडावयाचे तर सर्व सोडावे, हे त्यास सांगावयाचे होते. ‘टोटल’ म्हणजे ‘पूर्ण’. त्या शब्दावर जोर देताना त्याच्या मुखातून आरंभीचे ‘ट’ हे अक्षर दोनदा निघाले आणि ‘टीटोटल’ असा उच्चार झाला. कोणी म्हणतात तो तोतरा होता. कोणी म्हणतात, जोर देण्यासाठी आरंभीचे अक्षर पुन्हा उच्चारण्याची तेथील लोकांची रीतच होती. अमेरिकेतही ह्या शब्दाच्या जन्माची निराळी हकीकत सांगतात : प्रतिज्ञेच्या यादीत पूर्ण त्याग करणाऱ्याच्या नावापुढे ‘टी’ हे अक्षर लिहीत, त्यावरून तो निघाला, असे तिकडचे म्हणणे. ते कसेही असो. सभेस टर्नरचा शब्द आवडला आणि नव्या प्रतिज्ञेस तेच नाव पडले. टर्नर १८४६ साली वारला. ह्या शब्दाचा कर्ता म्हणून प्रेस्टन येथे त्याच्या थडग्याच्या दगडावर त्याची नोंद आहे.

आपल्या खेड्यातला मनुष्यही असेच बोलतो. ‘बंद’ एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. तो म्हणतो, “बंद म्हणजे पार बंद!” त्या ‘पार’मध्ये जे आहे तेच टर्नरच्या जादा ‘ट’मध्ये होते. म्हणून ह्या शब्दाचा खरा भार ‘मद्य’ ह्यावर नसून ‘पूर्ण’ ह्यावर आहे, हे सुवार्तिकांनी ध्यानात धरावे. जिन सोडून बिअर ठेवणारा प्रेस्टनकर, आणि बाटली सोडून शिंदी ठेवणारा आमच्या मंडळीतील तरुण, हे एकाच वाटेचे वाटसरू होत. त्या वाटेची पळवाट बंद करण्याकरिताच हा शब्द निघाला.

जवळचे परंतु भिन्न शब्द

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत पिणाऱ्यास पुष्कळ नावे आहेत : मद्यपी, दारुड्या, दारूबाज, बेवडा. राम गणेश गडकरी ह्यांच्या ‘एकच प्याला’ ह्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातील तळीराम ह्या पात्राचे नाव तर आता कोणत्याही मद्यप्यास लावतात. परंतु न पिणाऱ्यास नेमके नाव मराठीत सहज सापडत नाही. त्यामुळे आपण जवळचा शब्द घेऊन काम भागवितो आणि घोटाळा तेथेच होतो. म्हणून चार शब्द निवडून पाहू.

पहिला, निर्व्यसनी. ‘व्यसन’ ह्या संस्कृत शब्दाचा अर्थ केवळ वाईट खोड असा नाही, तर संकट, आपत्ती असाही आहे. मनुस्मृतीत राजाची व्यसने सांगताना मद्याबरोबर द्यूत व शिकार ह्यांचीही गणना केली आहे. अर्थात निर्व्यसनी हा शब्द टीटोटलपेक्षा मोठा आहे. जो दारू पीत नाही, पण दिवसभर तंबाखू मळतो किंवा आकडा लावतो, तो मद्यत्यागी होय, निर्व्यसनी नव्हे. आमच्या पत्रातील चूक दुहेरी होती. आम्ही लहान प्रश्न विचारला आणि मोठा शब्द लिहिला.

दुसरा, माळकरी. वारकरी पंथात जो गळ्यात तुळशीची माळ घालतो तो मद्य व मांस वर्ज्य करतो. गावात ‘तो माळकरी आहे’ म्हटले की, त्याच्यापुढे कोणी पेला धरीत नाही. आपल्यातील पुष्कळांचे वाडवडील ह्या शब्दाच्या छायेत वाढले. तो शब्द आपल्या मंडळीत लागू पडत नाही. परंतु त्यातली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. माळकऱ्याचा त्याग साऱ्या गावास ठाऊक असतो आणि म्हणून गाव त्यास सांभाळून घेते. गुप्त प्रतिज्ञेस असा आधार मिळत नाही.

तिसरा, मितपानी, म्हणजे बेताने पिणारा. त्याच्याविषयी कोणाचे काही म्हणणे असो. त्यास टीटोटलर म्हणता येत नाही. ‘सणावारीच घेतो’, ‘अंगदुखीपुरती घेतो’ असे सांगणारा फार तर मितपानी होय.

चौथा, दारूबंदी. हा शब्द मनुष्यास नव्हे तर कायद्यास लागतो. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असता जोतीराव फुले ह्यांनी शहरातील दारूची दुकाने वाढल्याबद्दल लेखी तक्रार केली होती. पुढे १९४९ साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला. गुजरातेत आजही दारूबंदी आहे आणि बिहारात ती २०१६ पासून आहे. महाराष्ट्रात गावच्या स्त्रियांनी मतदान करून दुकान बंद करविण्याचीही सोय आहे. त्यास लोक ‘बाटली आडवी करणे’ म्हणतात. ह्या गोष्टी मोलाच्या आहेत. तरी दुकान बंद झाले म्हणजे गिऱ्हाईक टीटोटलर झाले असे नव्हे. ज्यास मिळत नाही म्हणून जो पीत नाही तो एक, आणि मिळत असता जो घेत नाही तो दुसरा.

पवित्र शास्त्रातील शब्द

जुन्या करारात न पिणाऱ्याचे विशेष नाव ‘नाजीर’ हे आहे. ह्या इब्री शब्दाचे मूळ ‘वेगळे करणे, वाहून देणे’ असे आहे. गणनेच्या सहाव्या अध्यायात नाजिराचा नियम वाचा. त्यास द्राक्षारस व मद्य तर नाहीच. द्राक्षे, मनुका, बिया व साल हीसुद्धा वर्ज्य. येथे ‘पूर्ण’ ह्या शब्दाची सीमा किती बारकाईने आखली आहे पाहा. त्याच अध्यायात हेही सांगितले आहे की, नवसाची मुदत संपल्यावर त्याने द्राक्षारस घेतला तर चालेल. म्हणजे नाजिराचा त्याग पूर्ण होता, परंतु बहुधा मुदतीचा होता.

दुसरे उदाहरण रेखाबी लोकांचे. यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात संदेष्ट्याने त्यांच्यापुढे द्राक्षारसाचे पेले ठेवले. पण आपल्या पूर्वजाची आज्ञा आहे म्हणून त्यांनी ते घेतले नाहीत. त्यांची वाखाणणी झाली ती न पिण्याबद्दल म्हणून नव्हे, तर दिलेल्या आज्ञेस पिढ्यान्‌पिढ्या धरून राहिल्याबद्दल. १८३५ साली इंग्लंडातील सॅलफर्ड येथे मद्यत्यागी कामगारांचे परस्पर साहाय्य करणारे एक मंडळ निघाले, त्याने हेच रेखाबी नाव घेतले.

नव्या करारात अध्यक्षाचे गुण सांगताना प्रेषित पौलाने ‘नेफालियोस’ हा ग्रीक शब्द योजिला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘द्राक्षारसावाचून असलेला’, आणि त्यावरून पुढे ‘शुद्धीवर असलेला, सावध’ असा झाला. न पिणे हे साधन आणि सावध राहणे हे साध्य, असा ह्या शब्दाचा प्रवास आहे.

परंतु येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण गावातील चिकित्सक मनुष्य ती विचारल्यावाचून राहत नाही. प्रभूने काना गावी पाण्याचा द्राक्षारस केला आणि पौलाने तीमथ्यास पोटाच्या दुखण्याकरिता थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू स्वतः म्हणतो की, योहान न पिणारा आला तर लोकांनी त्यास भूतग्रस्त म्हटले, आणि आपण खातपीत आलो तर लोकांनी आपणास दारूबाज म्हटले. तेव्हा ‘जो पीत नाही तोच देवाचा’ असे शास्त्र म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल निराळे कारण देतो : ज्याने माझा भाऊ अडखळतो ते मी सोडावे. आमच्या मते आपल्या खेड्यांत हे कारण पुरेसे आहे. टीटोटलर हा पदवीधर नव्हे. तो भावाच्या वाटेतील दगड उचलणारा हमाल होय.

ह्याच कारणास्तव आपल्या पुष्कळ मंडळ्यांत प्रभुभोजनास मनुकांचे पाणी किंवा न आंबलेला द्राक्षांचा रस घेतात. अमेरिकेतील व्हाइनलँड येथे १८६९ साली थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने रस उकळून तो न आंबता टिकविण्याची युक्ती प्रभुभोजनाकरिताच काढली. ज्याने मोठ्या कष्टाने मद्य सोडले आहे, त्यास देवाच्या मेजापाशीच त्याचा वास यावा, हे बरे नव्हे.

सुवार्तिकांनी हा शब्द कसा वापरावा

अनुभवावरून काही सूचना लिहितो.

एक : ‘दारू पितोस काय?’ असा प्रश्न विचारू नये. शिंदी, ताडी, मोहाची, गावठी, बिअर अशी एकेक नावे घेऊन विचारावे. नीरा सूर्योदयापूर्वी ताजी असता मादक नसते. ऊन चढले की ती आंबून तिची ताडी होते. म्हणून ‘नीराच घेतो’ म्हणणाऱ्यास केव्हा घेतोस हेही विचारावे. वैद्याच्या आसव-अरिष्टांत आंबण्यामुळे मद्यांश असतो. ज्याने व्यसन सोडले आहे त्याने ते वैद्यास आधी सांगावे.

दोन : जितके ठाऊक आहे तितकेच लिहावे. ‘निर्व्यसनी’ असे न लिहिता ‘आम्ही ह्यास दोन वर्षे ओळखतो, त्या काळात ह्याने कोणतेही मादक पेय घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही’ असे लिहावे. वाक्य लांब होते. पण मुलीच्या बापास त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

तीन : ज्याने सोडले आहे त्यास ‘पूर्वीचा दारुड्या’ म्हणून हाक मारू नये, सभेत तसा परिचयही करून देऊ नये. रिचर्ड टर्नर मद्यपी होता खरा, पण प्रेस्टनकरांनी त्याच्या थडग्यावर त्याचे पाप कोरले नाही; त्याचा शब्द कोरला.

चार, आणि हे फार महत्त्वाचे : पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडले तर त्याचे हातपाय थरथरतात, झोप उडते, नसलेले दिसू लागते, क्वचित झटके येऊन प्राणही जातो. ही सैतानाची बाधा नव्हे. हा शरीराचा रोग आहे. अशा मनुष्यास केवळ प्रतिज्ञा देऊन घरी धाडू नये. त्यास सरकारी दवाखान्यात न्यावे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडू द्यावे, आणि प्रार्थना त्याच्या खाटेपाशी बसून करावी.

पाच : ‘थोडी घेतल्याने प्रकृतीस बरे’ असे कोणी म्हणाल्यास सांगावे की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

शेवट

आता त्या तरुणाविषयी. मुलगी माहेरी राहिली. आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यास उपदेश करण्याचे तोंड आम्हांस नव्हते. आमचीही चूक झाली होती, ती आम्ही प्रथम त्याच्यापुढे कबूल केली. मग तोही बोलला. त्याने शिंदी सोडली. चार महिन्यांनी जत्रेत पुन्हा घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितले. आम्ही त्यास घालवून दिले नाही. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावयास सांगितले. असे दोन वर्षे चालले. त्या काळात मुलीस परत धाडा असे आम्ही तिच्या बापास एकदाही म्हटले नाही. तो निर्णय तिचा होता. तिनेच एके दिवशी निरोप धाडला की, पाळकसाहेबांनी आता पुन्हा पत्र लिहावे.

आम्ही लिहिले : ‘ह्याने गेले एक वर्ष आठ महिने शिंदी, ताडी, दारू अथवा कोणतेही मादक पेय घेतले नाही, असे आम्ही व त्याच्या शेजाऱ्यांनी पाहिले आहे. त्यापूर्वी तो घेत असे. तंबाखू अद्याप सुटलेली नाही. पुढचे आम्हांस ठाऊक नाही.’ त्यात ‘निर्व्यसनी’ हा शब्द नव्हता.

वृद्ध गृहस्थांनी ते पत्र दोनदा वाचून घेतले. मुलीने एकदाच ऐकले. “ह्यातले सगळे कळते,” ती म्हणाली. पुढल्या महिन्यात ती नांदावयास आली. येताना ते पत्र तिने बरोबर आणले आणि पवित्र शास्त्राच्या पुस्तकात जपून ठेविले आहे.

मननार्थ प्रश्न

१. ‘टीटोटल’ ह्या शब्दात भार कशावर आहे? प्रेस्टनच्या सात जणांस नव्या प्रतिज्ञेची गरज का भासली?

२. मद्यत्यागी, मितपानी व निर्व्यसनी ह्यांत भेद काय? आपल्या गावातील कोणाचे नाव न घेता प्रत्येकाचे उदाहरण द्या.

३. नाजिराचा त्याग व रेखाबी लोकांचा त्याग ह्यांत साम्य कोणते व फरक कोणता?

४. आपल्या मंडळीत कोणी मद्य सोडू पाहत असल्यास आपण त्याच्यासाठी ह्या आठवड्यात कोणती एक गोष्ट करू शकता?